एवढं तर गळतंच

रात्री शेवटची शिफ्ट सुटली, लेथ थांबले, पंखे बंद झाले की इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. दिवसभर मशिनांच्या घरघरीखाली दबलेला एक आवाज तेव्हा एकटाच उरतो. सूंऽऽ असा, बारीक, कुठून येतोय ते चटकन न कळणारा. ही मशिनांना दाबलेली हवा पुरवणाऱ्या लाइनीची गळती. मधूनच कोपऱ्यातला कॉम्प्रेसर आपणहून सुरू होतो, दोनेक मिनिटं चालतो आणि थबकतो. काम चाललेलं नसतं, हवा कुणी वापरत नसतं, तरी तो भरत राहतो, कारण टाकी रिकामी होत राहते. फिटरला विचारलं तर तो मान न वळवता म्हणतो, ‘इतना तो चलता है, साब.’

सस्टेनेबिलिटी हा शब्द इंदूर-पीथमपूरच्या लहान कारखान्यांपर्यंत पोचलाय तो बहुधा एका एक्सेल शीटच्या रूपाने. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणं सक्तीचं केलं. त्या कंपन्या मग आपल्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवू लागल्या. वीज किती, पाणी किती, कचरा कुठे जातो, कार्बन किती. मालक ते शीट सीएकडे पाठवतो, सीए परत पाठवतो, शेवटी ते इंजिनिअर मुलाकडे किंवा भाच्याकडे येतं आणि तो रात्री बसून अंदाजाने रकाने भरतो. शीट भरलं जातं आणि हवा गळत राहते.

या शब्दाला मराठीत ‘शाश्वत’ म्हणतात ते मला जरा कीर्तनातलं वाटतं. शेडमध्ये, भट्टीपाशी, गल्ल्यावर शोभेल असा साधा शब्द म्हणजे टिकणं. टिकण्याच्या आड येते ती गळती. वीज, तेल, पाणी, पैसा, ज्या ज्या गोष्टीचे दाम मोजले आणि जी मालात गेली नाही, ती सगळी गळती. इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घराला हे शिकवावं लागत नाही. तिथे रात्रीची पोळी सकाळी फोडणीची होते आणि त्याला कुणी सर्क्युलर इकॉनॉमी म्हणत नाही. तोच माणूस घराबाहेर पडून कारखान्यात शिरला की मात्र ‘एवढं तर गळतंच’ म्हणतो.

मोठं असलं म्हणजे टिकतं असंही नाही, हे इंदूरइतकं कुणाला माहीत असेल? हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. तिच्या ५,८९५ कामगारांचे थकलेले २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, आजही रस्त्यावर निघतात. त्यांच्यामागे चालणारी गिरणी मात्र नाही.

तर पहिली गोष्ट हवा. कारखान्यातली सगळ्यात महाग वीज हवेच्या रूपात वाहते, आणि हवा फुकट असते या लहानपणच्या समजुतीमुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. गळती मोजायला मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवायची, लाइनीचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवायचे आणि कॉम्प्रेसर चालू करायचा. प्रेशर पुरं झालं की तो अनलोड होतो, म्हणजे नुसता फिरतो, हवा भरत नाही. पुन्हा कधी लोड होतो आणि किती वेळ लोडवर राहतो ते टिपायचं. असे चार-पाच फेरे मोजायचे, कारण एकाच फेऱ्यावर भरवसा नसतो. समजा तो २ मिनिटं लोडवर आणि ६ मिनिटं अनलोडवर राहतोय. आठातली दोन मिनिटं, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा भोकांतून जातेय. कॉम्प्रेसर १५ किलोवॅटचा असेल तर त्यातले पावणेचार किलोवॅट गळतीचे. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ११,२५० युनिट. आठ रुपये दराने नव्वद हजार रुपये. अनलोडवर चालतानाही तो पूर्ण लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज ओढतो, ती यात धरलेली नाही. दहा टक्क्यांच्या आत गळती आणता येते. शून्यावर आणायच्या भानगडीत पडू नये, तो खर्च परवडत नाही.

गळती सापडते ती ठरलेल्या जागीच. क्विक कपलरच्या आतलं रबर कडक झालेलं असतं. एअरगनची पिन दाबलेली राहते. फिल्टर-रेग्युलेटरच्या प्लॅस्टिकच्या वाटीला केसाएवढा तडा असतो. जीआय पाइपच्या आट्यांवर गुंडाळलेला धागा सुकलेला असतो. आणि सगळ्यात मोठं भोक माणसाने मुद्दाम ठेवलेलं असतं. पावसाळ्यात माळव्याची हवा ओलसर झाली की लाइनीत पाणी साचतं, ते रोज काढायचा कंटाळा येतो, म्हणून टाकीखालचा ड्रेनचा कॉक ‘थोडासा’ उघडा ठेवला जातो. पाणी जातं आणि त्यामागून चोवीस तास हवाही जाते. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे तीन किलोवॅट खातं. तो कॉक बंद करून टायमरचा ऑटो ड्रेन लावला तर त्याचा खर्च काही आठवड्यांत निघतो. बाकीच्या जागांना साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा, बुडबुडे आले तिथे लाल चिंधी बांधायची. चिंधी सोडायची ती दुरुस्ती झाल्यावरच. नुसती यादी केली की ती ड्रॉवरमध्ये जाते. चिंधी मात्र येताजाता डोळ्यांना खुपत राहते.

दुसरी चूक प्रेशरची. टोकाच्या मशिनला हवा पुरत नाही म्हणून सेटिंग साडेसहावरून आठ बारवर नेतात. खरं कारण वेगळंच असतं. मशिनं वाढत गेली तरी पाइप अर्ध्या इंचाचाच राहिला, किंवा मधला फिल्टर चोंदला. प्रेशर एक बारने उतरवलं की कॉम्प्रेसरची वीज सहा ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून आधी फिल्टर बदलावा, लाइनीची दोन टोकं जोडून वेढा पुरा करावा, मग सेटिंगला हात लावावा. वाढवलेलं प्रेशर गळतीही वाढवतं, कारण भोक तेवढंच असलं तरी धार जोराची होते. कॉम्प्रेसर जिन्याखालच्या बंद खोलीत असेल तर तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो. आत जाणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज एक टक्क्याने वाढते, आणि मे महिन्यात त्या खोलीत ५० अंशांच्या आसपास पारा असतो. भिंतीला एक भोक पाडून बाहेरच्या सावलीतली हवा ओढायची सोय केली की झालं.

लाइट बिलावर एकच रकाना बघा, पॉवर फॅक्टरचा. लाइनीतून ओढलेल्या विजेतली (केव्हीए) किती खरोखर कामाला लागते (किलोवॅट) ते तो सांगतो. ४० किलोवॅटचा लोड ०.८० वर चालला तर लाइनीतून ५० केव्हीए ओढतो, ०.९७ वर सुमारे ४१. मधलं अंतर भरून काढायला २० केव्हीएआरचे कपॅसिटर लागतात. ते बहुतेकांकडे बसवलेले असतात, पण कुणी वर्षानुवर्षं उघडून बघितलेले नसतात. उन्हाळ्यात तापून एखादा फुगतो, निकामी होतो, आणि पॅनेलवरचा दिवा मात्र लागलेलाच राहतो. महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटरने प्रत्येकाचा करंट बघावा. तीन फेजांत एकाचा कमी आला की तो गेला.

मशीनशॉपमध्ये दुसरी गळती वासाने ओळखू येते. सोमवारी सकाळी सीएनसी मशिनचं दार उघडलं की येणारा कुजका वास म्हणजे कूलंट, टूल थंड ठेवणारं ते पाण्यात कालवलेलं द्रव, मेल्याची खूण. शनिवार-रविवार पंप बंद असतो, स्लाइडचं गळलेलं तेल कूलंटवर साय धरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे जीवाणू तिथे पोसतात. पीएच साडेआठच्या खाली आला की समजावं, ते जिंकले. त्यावर नेहमी केला जाणारा उपाय चुकीचा असतो. पातळी उतरली म्हणून बादलीभर बोअरचं पाणी ओततात. उडून गेलेलं असतं बहुतांश पाणीच हे खरं, पण जॉबवर आणि चिप्सवर कूलंटही निघून जातं. नुसत्या पाण्याने मिश्रण हळूहळू तीन टक्क्यांवर येतं. मग गंज, टूल लवकर झिजणं, ऑपरेटरच्या हाताला खाज. मिश्रण किती दाट आहे ते दाखवणारा हजार-दीड हजाराचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आकडा डब्यावर छापलेल्या गुणकाने गुणावा आणि मिश्रण पाच ते आठ टक्क्यांत ठेवावं. भरायचं ते एक-दोन टक्के कूलंट मिसळलेलं पाणी. तेलाची साय रोज काढावी. सुट्टीतही पंप थोडा थोडा वेळ चालेल असा टायमर लावावा. दीड-दोन महिन्यांत फेकावं लागणारं कूलंट मग सहा-आठ महिने टिकतं.

आणि ते फेकायचं कुठे? सांवेर रोडच्या नाल्यांचं पाणी कान्ह नदीत जातं, कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०२८ च्या सिंहस्थात ज्या पाण्यात लोक बुडी मारणार त्याच्याशी आपल्या मोरीचा असा सरळ संबंध आहे. मेलेलं कूलंट आणि जळकं तेल हा घातक कचरा धरला जातो. तो नोंदणी असलेल्याच माणसाला द्यायचा आणि चलन जपून ठेवायचं. महापालिकेच्या गाडीचे सहा डबे या शहराच्या अंगवळणी पडले, देवगुराडियाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून रोज सीएनजी तयार करणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये उभा राहिला. घराच्या दारात जी शिस्त आली ती कारखान्याच्या मागच्या दाराला अजून यायची आहे.

पाण्याबद्दलही इथे ‘नर्मदा आहे की’ असं म्हणायची सवय आहे. नर्मदा आहे, पण ती ७० किलोमीटरवर जलूदला आहे आणि इंदूरपेक्षा सुमारे ४०० मीटर खाली. मधली विंध्याची चढण धरून हिशेब केला तर हजार लिटर पाणी इथवर आणायला दीड-दोन युनिट वीज लागते. ती वीज सोलरची असावी म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड काढून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदच्या ६० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी. थेंब थेंब गळणाऱ्या नळातून पाण्याबरोबर घाट चढवायला लागलेली वीजही गळत असते.

आता इंदूरच्या खऱ्या उद्योगाकडे येऊ. सेव. लौंगची, लसणाची, रतलामी, उज्जैनी. या शहरात पोह्यावरही सेव पडते. नमकीनच्या कारखान्यात बेसन, मसाला, मजुरी सगळ्यांचा हिशेब असतो, फक्त कढईतल्या तेलाचा नसतो. ते ‘काळं झालं की बदलतात’. तेल काळं का होतं हे कढईजवळ तासभर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सोऱ्यातून सेव पडते, फेस उसळतो, बुडबुडे मोठ्याचे बारीक होत जातात, कारागीर झाऱ्याने घाणा उलटतो आणि काढतो. मागे राहतो तो चुरा. मोहरीएवढे बेसनाचे कण तळाशी बसतात, आंचेच्या सर्वांत जवळ तेच असतात, आणि पुढचे पाच-सहा घाणे तिथेच करपत राहतात. तेलाचा रंग आणि कडू वास मुख्यतः त्या कणांचा. दर तीन-चार घाण्यांनी बारीक जाळीच्या झाऱ्याने तळ खरवडून चुरा काढला तर निम्मं काम होतं. रात्री तेल ६०-७० अंशांवर उतरलं की गाळावं. थंड झाल्यावर ते जाळीतून उतरत नाही आणि कडकडीत असताना गाळणारा भाजतो.

बाकीची कारणं बारीक आहेत पण नडतात. आंच १८० अंशांच्या वर गेली की तेल फार झपाट्याने बिघडतं. म्हणून हाताच्या अंदाजाला थर्मामीटरची जोड द्यावी. जेवणाच्या सुट्टीत भट्टी तशीच धगधगत ठेवतात तेव्हा माल निघत नाही, फक्त तेल म्हातारं होतं. पितळी कॉक किंवा तांब्याची नळी तेलाला लागू देऊ नये, तांबं तेल खवट करायला मदत करतं. पिठात सोडा सढळ पडला, किंवा कढई धुताना साबणाचा अंश राहिला, की तेलात साबण तयार होतो आणि फेस उतू येतो. कारागीर तेलाला दोष देतो, व्यापारी बदलला जातो, आणि सोडा तेवढाच पडत राहतो.

पण सगळ्यात मोठी चूक कढईच्या मापात असते. सेव आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्तच तेल पिते. तासाला २५ किलो सेव निघत असेल तर जवळजवळ साडेनऊ लिटर तेल मालाबरोबर बाहेर जातं आणि तेवढं ताजं तेल घालावं लागतं. कढईत १०० लिटर तेल असेल तर साडेदहा-अकरा तासांत कढईभर नवं तेल पडलेलं असतं. असं तेल नीट गाळत राहिलं तर फेकायची पाळी फारशी येत नाही. आता दिवाळीच्या गर्दीसाठी २५० लिटरची कढई घेतली आणि पुढे वर्षभर तीच वापरली, माल मात्र तासाला २५ किलोच. तेल फिरायला २६ तास लागतात, म्हणजे तीन शिफ्ट. तेवढ्या वेळात ते जुनं होणारच. मग टाकून द्या, नवं ओता. मोठी कढई ही अशी गळती आहे की जिला भोकच नाही. दिवाळीला भाड्याने आणावी, नाहीतर दोन लहान ठेवाव्यात.

तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला लागत असेल तर नोंद ठेवणं आणि वापरलेलं तेल मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यालाच देणं बंधनकारक आहे. त्यातून बायोडिझेल होतं. जास्त भाव देणारा दुसरा गिऱ्हाईक रात्री येतो. त्याला दिलेलं तेल कोणाच्या तरी समोशात परत उतरतं.

भांडी धुतलेल्या पाण्यासाठी तेल-तूप अडवणारा तीन कप्प्यांचा ग्रीस ट्रॅप असावा, पाणी त्यात अर्धा तास तरी थांबेल एवढा. तासाला १००० लिटर पाणी येत असेल तर ५०० लिटरचा. तो फसतो उकळत्या पाण्यामुळे. वितळलेलं तूप-तेल कप्प्यांतून सरळ पुढे जातं आणि दहा मीटरवर थंड होऊन गटारात दगडासारखं बसतं. म्हणजे ट्रॅप स्वच्छ, गटार तुंबलेलं, आणि ट्रॅप बांधणाऱ्याच्या नावाने शिव्या. भांडं आधी कोरड्या कागदाने किंवा भुशाने पुसावं, मग धुवावं.

उधारीला कोणी गळती म्हणत नाही, पण लहान धंदा विजेने बुडाल्याचं क्वचितच ऐकू येतं, उधारीने बुडालेले पुष्कळ. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून वेळेत न दिलेला असा खर्च माल घेणाऱ्याला त्या वर्षी आयकरात वजाही करता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. तो छापलेला नसतो, मग ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर तयार असतं. तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही. पण २५० कोटींहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना आता ट्रेड्स मंचावर नोंदणी करावी लागते. तिथे बिल टाकून बँकेकडून आधी पैसे उचलता येतात, आणि त्यात भांडण नाही. जो कारखानदार स्वतः ९० दिवस थांबतो तो वेल्डरला आणि जॉबवर्कवाल्याला १२० दिवस थांबवतो. सस्टेनेबिलिटीच्या शीटमध्ये याला रकाना असला तरी तो वेल्डर ते शीट भरत नाही.

सोलरचं नाव इतक्या उशिरा काढलं ते मुद्दाम. छपरावरची पॅनेलं दिसतात, फोटोत येतात, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. माळव्यात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो आणि सुमारे १० चौरस मीटर जागा घेतो. वर मोजलेली हवेची गळती तशीच ठेवून सोलर बसवलं तर जवळजवळ आठ किलोवॅटची पॅनेलं केवळ भोकांना वीज पुरवतात. आधी गळती, मग सोलर. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चढण्याआधी खालच्या कैच्या, म्हणजे छपराचा सांगाडा, इंजिनिअरला दाखवाव्यात. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत धूळ बसते, ती पहाटे धुवावी. तापलेल्या काचेवर बोअरचं जड पाणी सुकलं की क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते पुढे निघता निघत नाहीत.

राहिली ती प्रश्नावली. कार्बनचा आकडा काढायला सल्लागार लागत नाही. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेलमागे २.७ किलो, एक किलो एलपीजीमागे ३ किलो. वर्षाला एक लाख युनिट वापरणारा कारखाना ७० टन झाला, त्यातले आठ टन निव्वळ हवेच्या गळतीचे. पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा माल युरोपात जात असेल तर हा आकडा आता चौकशीपुरता उरलेला नाही. १ जानेवारी २०२६ पासून तिथे येणाऱ्या अशा मालाच्या कार्बनवर शुल्क लागू झालं आहे, आणि बोल्टही त्यातून सुटलेले नाहीत. आकडा एकूण देऊ नये, दर किलो मालामागे द्यावा. ऑर्डरी घटल्या म्हणून वीज घटली तर ती बचत नव्हे.

त्यासाठी सॉफ्टवेअरच्या आधी एक वही हवी. मीटरशेजारी खिळ्याला टांगलेली, रोज सकाळी आठला, शिफ्ट सुरू व्हायच्या आत भरायची. तारीख, विजेचं रीडिंग, पाण्याचं रीडिंग, कालचा गॅस किंवा डिझेल, काल निघालेला माल किलोत. पाच रकाने, दोन मिनिटं. भरणारा माणूस एकच आणि ठरलेला असावा. ‘कोणीही भरा’ म्हटलं की कोणीच भरत नाही. आणि पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून ठेवावी, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी कानावर बसून बाहेर जाते.